झऱ्यावरचा चाफा

"मार टिकाव, पुंजाजी. थांबू नोको," सरपंच भगवानराव वरून म्हणाले, आणि पुंजाजीने टिकाव मारला. माती निघाली नाही, मूळ निघालं. मनगटाएवढं जाड, आतून पिवळसर आणि ओलं. दोन दिवस खणून त्या झऱ्यात ओलं असं दुसरं काही लागलंच नव्हतं.

बहात्तरचा पाऊस आला तसाच गेला होता आणि आता फाल्गुन लागला होता. धामणगाव बढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावाला सगळ्या विहिरी आटल्यावर आठवला तो हा झरा. त्याच्या काठावर सोनचाफा उभा होता. चाफा उभा आहे म्हणजे खाली पाणी आहेच, असं भगवानरावांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून बुडाशीच खणायचं ठरलं. झाडाला पाणी कळतं, पण ते माणसाला काढून देत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खणणाऱ्यांत पुंजाजीही होता, हेच वाईट. तो ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यावरचा शिपाई. कुणाच्या पिकात शिरलेली गुरं कोंडायची आणि दोन वेळ या झऱ्यावर आणून पाजायची, यात त्याचा जन्म गेला होता. झऱ्याभोवतीची बिघाभर जमीन बारमाही चिभड, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. तिथे हा चाफा कधीपासून होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा जंगलखात्याचा माणूस येऊन खोडावर डांबराने आकडा टाकून गेला होता. या कोरड्या तालुक्यात असं झाड दुसरं नाही, याला पायाशी वाहतं पाणी लागतं, तेव्हा सांभाळा, असंही तो म्हणाला होता. सरकारने सांभाळलं ते एवढंच.

आता ती चिभड जमीन भेगाळली होती, आणि टिकाव पुंजाजीच्याच हातात होता. नको म्हणायला त्याला तोंड नव्हतं. वर लागलेल्या घागरींच्या रांगेत त्याची बायको रुखमाबाईही उभी होती.

पाणी लागलं. चार दिवस गढूळ पाणी मिळालं, मग तेही बसलं. पंधरवड्यात चाफ्याची पानं करपून गळाली. पुंजाजीने खोडावर नख ओढून पाहिलं. सालीखाली हिरवं काही उरलं नव्हतं. तो तिथेच बसून रडला. कोंडवाडा तसाही रिकामा होता, कोंडायला गुरं राहिली होती कुठे?

मग त्याला घरची रोपं आठवली आणि तो उठला.

दर वर्षी तो चाफ्याच्या लाल बिया वेचून, चोळून, फुटक्या माठांच्या बुडांत लावायचा. रोपं यायची, चार बोटं व्हायची आणि माना टाकायची. चिभडातलं झाड घरात जगत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. यंदा बिया कमी धरल्या होत्या, तरी चार रोपं उभी होती. आता या मुलखात चाफा म्हणजे तीच चार.

गावात मात्र चाफा कुणी लावत नसे. लावणाऱ्याला त्याचं फूल बघायला मिळत नाही, अशी समजूत होती. पुंजाजीच्या थोरल्या भावाने, उकंडरावाने, हसत हसत वावराच्या ओल्या कोपऱ्यात एक लावला होता. आठव्या वर्षी कळ्या धरल्या आणि त्याच आठवड्यात उकंडरावाला पान लागलं. सापाचं नाव घेऊ नये म्हणून गाव तसं म्हणे. चाफ्याचं नाव मात्र सगळ्यांनी घेतलं. तेरवी झाल्यावर भाऊबंदांनी ते झाड तोडलं. पुंजाजीला हे सगळं योगायोग वाटे. रुखमाबाईला काय वाटतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

भर दुपारी तो घरी पोचला तेव्हा ती माठांपाशी वाकली होती. हातात गडवा होता आणि त्यातून वाफ निघत होती. तीन रोपं काळी पडून आडवी झाली होती. चौथ्यावर गडवा कलता झाला, पण ओतण्याआधीच तिने मान वर केली.

आठ दिवस तिच्या अंगाला पाणी लागलेलं नव्हतं. तिने प्यायच्या पाण्यातलं पाणी उकळून आणलं होतं. पुंजाजीला आधी तेच दिसलं, आणि मग आजवरची सगळी मेलेली रोपं दिसली.

"काऊन केलं तू हे?" तो म्हणाला.

"फुलापायी तुम्हाले मसनात नेऊन सोडू का मी? भाऊजीचं पाह्यलं नाही का तुम्ही?"

"झऱ्यावरचं मेलं, रुखमे. म्याच तोडलं त्याचं मूळ. आता हेच होतं."

"अन् मले कोन हाय?" ती म्हणाली. "ना लेक, ना लेकरू. झाड जगलं अन् तुम्ही गेले, तर मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

तिने गडवा खाली ठेवला. पुंजाजी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडला, आणि त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघं एकमेकांना भीत होती.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या कोंडवाड्यावर बसून आला. अंगणात न्हाणीच्या मोरीपाशी, घरात जी काय ओल उरली होती तिथे, रुखमाबाई उकिडवी बसली होती. कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. खड्ड्यात चौथं रोप उभं होतं. जवळ बसून पुंजाजीने हात पुढे केला, तसा तिने तो मनगटाशी धरून बाजूला सारला.

"हात लावू नोका. हे म्या लावलं."

"रुखमे..."

"लावते त्याच्यावरच येते ना? मंग येऊ द्या माह्यावर. तुमचं झाडही राहीन, अन् तुम्हीही रहासान." मग माती थापता थापता तिने सहज विचारावं तसं विचारलं, "फूल कधी येते याले?"

आठ वर्षं, हे त्याला पाठ होतं. "लय टाइम लागते," तो म्हणाला. "पंधरा-वीस वर्सं."

"लय झाले तेवढे," ती म्हणाली.

तिन्हीसांजेला राखेने घासलेली दोन भांडी तिने ओंजळभर पाण्यात विसळली आणि ते पाणी रोपाच्या अळ्यात ओतलं. पुंजाजी लांब, उंबऱ्याशी बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून. ती दिवा लावायला आत गेली, तसा तो उठला. त्याने मूठभर माती घेतली, रोपाच्या बुडाशी नीट दाबली, आणि ती बाहेर यायच्या आत हात धोतराला पुसून जागेवर येऊन बसला.