मंगळवारचं पाणी

काका पहार घेऊन आला आणि बांधावरचा खांब हलवायला लागला, तेव्हा मी धावत जाऊन खांब धरला.

"सोड," काका म्हणाला. "गोठ्याला टेकू हवाय."

"दुसरा बघ."

"अगं, दादा जाऊन महिना झाला. आता या खांबाला पाणी घालणार आहेस का, पालवी फुटेल म्हणून?"

खांबावर पांढरं नरसाळं होतं आणि त्याखाली बाटली. तळ्यापलीकडे खताचा कारखाना आला. चार-पाच वर्षांत तळ्यातले मासे संपले, बांधावरची झाडं शेंड्याकडून वाळू लागली. कारखान्याच्या धुरातलं काय काय पावसाबरोबर खाली येतं, ते मोजायला शहरातल्या प्रयोगशाळेतून एक बाई आल्या आणि त्यांनी हे नरसाळं बाबांच्या हवाली केलं. एकोणीस वर्षं दर मंगळवारी बाबा बाटली बदलत आणि वहीत लिहीत: पाणी किती, नरसाळं कसं. पाखरू घाण करून गेलं असेल तर तसं लिहायचं, म्हणजे ती बाटली बाद. काही नसेल तर 'स्वच्छ'.

दोन वर्षांपूर्वी बाईंचं पत्र आलं. काही बाटल्यांत गाईचं मूत सापडलं होतं आणि वहीत त्यांच्यापुढेही 'स्वच्छ' होतं. आणखी कितींत थेंबभर मिसळलं असेल, ते यंत्राला सांगता येत नव्हतं. बाईंनी तोपर्यंतची सगळीच्या सगळी नोंद बाजूला ठेवली. कारखान्याचं आयतंच फावलं. चहाच्या टपरीवर लोक बाबांना विचारत, "काय पाऊसवाले, कारखान्याकडचे झालात वाटतं?" बाबा नुसते हसत. मंगळवारी पुन्हा बाटली बदलत.

"मी काल बाईंशी बोलले," मी काकाला म्हणाले. "बिघडलेल्या बाटल्या नेमक्या कोणत्या ते कळलं, तर बाकीची नोंद त्या परत धरतील. बाबांवरचा डाग जाईल."

काकाने पहार जमिनीत रोवली.

"मीच ओतलं," तो म्हणाला.

"काय?"

"आकडे कमी येत होते. बाई म्हणाल्या, एवढ्यावर कारखान्याला कोण धरणार? मुतातही तेच असतं ना, नत्र? म्हटलं, घालू चमचाभर, जाईल कारखान्याच्याच डोक्यावर. मला काय ठाऊक, त्यांच्या यंत्राला गाय वेगळी ओळखू येते!"

"किती वेळा?"

"आठ... दहा. वीसही असतील. मनात आलं की."

"कधी? कोणत्या वर्षी?"

"असलं कोणी लिहून ठेवतं का, पोरी?"

"दोन वर्षं लोकांनी त्यांना तोंडावर चोर ठरवलं. आणि तू रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होतास?"

"त्याला माहीत होतं."

"कधी कळलं त्यांना?"

"पहिल्याच खेपेला. नरसाळ्याला वास येत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, नरसाळं धुतलं, पेन काढलं आणि लिहिलं 'स्वच्छ'. शिवी तरी द्यायची! एक अक्षर नाही बोलला."

महिनाभर मी त्या वह्या उशाशी घेऊन झोपत होते. इतक्या सरळ, वळणदार अक्षरात कोणी खोटं लिहू शकतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

खांब सोडून मी बाईंना फोन लावला.

"बाटल्या माझ्या काकाने बिघडवल्या. कोणत्या, ते त्याला आठवत नाही. आणि बाबांना माहीत होतं."



"मग त्यातली एकही धरता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

फोन ठेवला तर काका माझ्याकडे बघत होता.

"दादाचं कशाला सांगितलंस? मी होतो की बदनाम व्हायला. तुझ्या जागी दादा असता तर बोलला नसता."

"बाबा नाहीच बोलले," मी म्हणाले.