अठ्ठ्याण्णव की होम

धनराजने खाटेवरची वाकळ बाजूला सारली आणि पिशवीतून तीन सीड्या काढून ओळीने मांडल्या. तालुक्याच्या मूल गावात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. जुनी मशीन मोटारसायकलला बांधून तो सकाळीच तळ्याकाठच्या या ढिवरांच्या, मासेमारांच्या गावात येऊन पोचला होता. आता पत्र्याच्या पेटीवर मॉनिटर बसला होता, शेजारच्या डगमगत्या तिवईवर मशीनचा लोखंडी डबा, आणि समोर पाटावर मिथुन, विशीतला पोरगा, हात मांडीवर दाबून बसलेला.

"आता सांगा, यातलं कोनतं टाकू?" धनराज म्हणाला.

मिथुनची आई कुंता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मशीन घरात आली म्हणजे झालं, असं तिला वाटत होतं.

"म्हनजे थे रिकामी हाय का अजून?"

"डबाच समजा काकू. चालवाचं त आतमधी काई टाका लागते." त्याने एक सीडी उचलली. "हे विंडोज एक्सपी प्रोफेशनल. हापिसवाल्यायचं हाय, आपल्याले त्याचं काम नाई." ती पिशवीत गेली. "हे एक्सपी होम. घरच्यासाठी. पक्कं हाय, अडकत नाई. पन तुमची मशीन जुनी, तिच्यात रॅम कमी. हे टाकलं त गाडीचा गेम बैलगाडीवानी चालन."

"अन् थे?"

"हे विंडोज अठ्ठ्याण्णव. सेकंड एडिशन. हलकं हाय, याच्यावर गेम सुसाट पळते. पन असल्या जुन्या मशीनवर खेळता खेळता मधातच अडकते. अडकलं का हा बटन दाबाचा, पुन्हा सुरू."

"अठ्ठ्याण्णव टाका," मिथुन म्हणाला.

"मी त होम म्हनतो. जिंदगीभर गेमच खेळशीन का? पुढं टायपिंग शिकशीन, काई शिकशीन."

बोलता बोलता दोघांनीही कुंताकडे पाहिलं. शेवटचा शब्द तिचा होता, कारण पैसे भूपेशचे होते.

भूपेश तिचा थोरला. दोन वर्षांपूर्वी दिवस बुडताना तळ्यातलं जाळं काढायला गेला. दुसऱ्या दिवशी जाळं सापडलं, आणि तळ्याच्या बांधापलीकडे, जंगलाच्या बाजूला, त्याचा सदरा. ज्या जनावराने त्याला नेलं त्याचं नाव या गावात दिवेलागणीनंतर कोणी घेत नाही. सरकारी भरपाईचे पैसे कुंताच्या नावाने आले. तिने त्यांना हात लावला नाही. धाकट्याच्या लग्नाला होतील म्हणाली.

पण धाकट्याला घरात करमेल तर शपथ. त्याला मूलच्या गेम पार्लरचा नाद लागला. दुपारी सायकल काढायची, आणि अंधार पडल्यावर जंगलातल्या रस्त्याने एकट्याने परत यायचं. कुंताने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर सायकलच्या चाकातली हवा सोडून दिली. हा आपला गाणं म्हणत परत. मग या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो पांढराफटक होऊन घरी आला. वळणावर रस्त्याच्या मधोमध ते बसलं होतं. एक ट्रक येईपर्यंत मिथुन सायकल धरून जागच्या जागी उभा राहिला होता.

"काळ आला होता, पन वेळ नव्हती आली," बाबुलाल, त्याचा बाप, म्हणाला आणि जेवायला बसला. पुरुषांचं बरं असतं, म्हण सापडली की त्यांना भूक लागते. कुंताच्या घशाखाली त्या रात्री घास उतरला नाही. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायची. सकाळी उठून तिने स्वतःच पैसे काढून दिले. काय हवा तो खेळ घरात आण म्हणाली.

"मले एकच गोष्ट सांग धनराज," ती आता म्हणाली. "कोनतं टाकलं म्हनजे माहा पोरगा दिवस बुडाल्यावर घरी बसन?"

धनराजला हसू आलं. मग भिंतीवरचा भूपेशचा हार घातलेला फोटो त्याला दिसला आणि त्याने सीड्या उगाच सारख्या केल्या.

"त्यालेच इचारा ना."

"तिथी पार्लरात गाडी वाऱ्यावानी पळते माय," मिथुन म्हणाला. "इथी बैलगाडी चालली त मी काऊन बसू इथी?"

पोरगा थट्टेतच बोलला होता. कुंताच्या मात्र ते काळजाला लागलं.

"अठ्ठ्याण्णवच टाक."

"अडकन काकू, मंग मले नाव नोका ठेवू."

"अडकू दे. माहा पोरगा घरात अडकला का पावलं."

दुपार त्यातच गेली. पडद्यावर निळ्या पट्ट्या सरकत राहिल्या, धनराज बिडी प्यायला अंगणात जाऊन येत राहिला. आतलं तापतं म्हणून त्याने डब्याचं एका बाजूचं झाकण काढूनच ठेवलं. शेवटी एकदाची गाडी सुरू झाली. लाल, चपटी, जमिनीला चिकटलेली. मिथुनच्या तोंडावरचं हसू पाहून कुंताला पोराच्या बारशाची आठवण झाली. थोड्या वेळाने गाडीचा आवाज एकाच जागी अडकला, टर्र टर्र टर्र, भाजीवाल्याचा भोंगा बिघडावा तसा.

"अडकलं माय," मिथुन हसून म्हणाला. डगमगती तिवई हलू नये म्हणून त्याने एका हाताने डबा धरला, दुसऱ्याने बटण दाबलं, आणि हात झटकून मागे झाला. "करंट मारते हे."

धनराजने बोटांची मागची बाजू लावून पाहिली. "घराले अर्थिंगच नाई तुमच्या. जुना लोखंडी डबा, त्यात थोडासा करंट उतरते. मरत नाई कोनी त्यानं, झिणझिण्या येते."

"असं असन त मी नाई खेळत बा," मिथुन म्हणाला आणि त्याची नजर अंगणातल्या सायकलीवर गेली. कुंताने ती नजर पाहिली.

"जाय, धनराजभाऊच्या चहाले दूध आन," तिने त्याला पिटाळलं. तो गेल्यावर ती धनराजजवळ आली. "काई कर, पन हे आजच दुरुस्त कर बापा."

"खड्डा करून, कोळसा-मीठ टाकून सळाक गाडा लागते. परवा येतो ना मी."

"अन् आजची रात? उद्याची?"

धनराजने बाहेर पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं, आणि त्यालाही तोच रस्ता होता. तो मागच्या दाराने बाहेर पडला. कुंता मागोमाग गेली. घराच्या पाठीलाच त्यांची बांधी, भाताचं शेत, लागत होती. धान लोंबीवर आलेलं, कापणीला दहा-बारा दिवस राहिलेलं. बांधीच्या भोवताली बांबूच्या खुट्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीची लोखंडी तार ओढलेली होती. तिचा एक कोपरा खिडकीच्या जवळच येत होता.

"हे तार कसली हाय काकू?"

"ढोरायसाठी."

उत्तर श्वास घ्यायच्या आधीच निघालं. गावातल्या सगळ्या बायांच्या जिभेवर ते तयारच असायचं. रानडुकरं एका रात्रीत अख्खी बांधी लोळवून जात, हातातोंडाशी आलेला घास चिखलात जाई. म्हणून दिवस बुडाला की घरोघरचे पुरुष बांबूला आकडा लावून खांबावरच्या लाइनवर टाकत आणि तारेत करंट सोडत. पहाटे काढून घेत. तो गुन्हा होता. जंगलखात्याच्या नाकेदाराला कळलं तर बेड्याच. त्यामुळे करंट हा शब्द घरातसुद्धा कोणी उच्चारत नसे. बाबुलाल नुसतं म्हणे, जरा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन येतो. कुंताने ढोरायसाठी हे उत्तर नाकेदाराला दिलं होतं, धानाच्या व्यापाऱ्याला दिलं होतं, सख्ख्या भावालाही दिलं होतं. इतक्यांदा दिलं होतं की दिवसा ती तार तिला खरोखरच ढोरांची वाटायची.

"करंट-बिरंट त नाई ना सोडत?" धनराजने विचारलं. "आमच्या तिकडं सोडते लोक."

"नाई बा. आमच्याकडं नाई तसलं काई. कपडे वाळू घालतो आमी हिच्यावर." आणि खात्री पटावी म्हणून तिने तारेवर हात ठेवून दाखवला.

परका माणूस. आज मशीन बसवून जाईल, उद्या चहाच्या टपरीवर कोणाशी बोलेल. तिच्या मनात एवढंच होतं.

"मंग चालते. ओल्या गवताले जागोजागी टेकली हाय. कामचलाऊ अर्थिंग होऊन जाईन."

त्याने लाल वायरचं एक टोक डब्याला आवळलं, दुसरं खिडकीतून बाहेर सोडून दातांनी सोललं. तारेला गाठ कुंताने मारली. जाळं विणणाऱ्या घरची बाई, ओढाल तेवढी घट्ट होणारी ती गाठ. आत जाऊन धनराजने डब्याला हात लावला. झिणझिण्या गेल्या होत्या. मिथुन दूध घेऊन आला, त्यानेही हात लावून पाहिला, आणि कुठे काय जोडलं हे न विचारता पाटावर जाऊन बसला. चहा पिऊन धनराजने मोटारसायकलला लाथ मारली आणि उजेड आहे तोवर निघून गेला.

कुंता कितीतरी वेळ दारात उभी राहून पोराची पाठ पाहत होती. दिवस उतरत होता आणि तिचं पोरगं घरात होतं. सारवलेल्या गार जमिनीवर अनवाणी पाय टेकून बसलेलं, घरात. अधूनमधून ते टर्र टर्र व्हायचं, तिचं डोकं उठायचं, मिथुन म्हणायचा अडकलं माय, बटण दाबायचा आणि गाडी पुन्हा पळायला लागायची. भूपेश गेल्यापासून या वेळेला तिच्या छातीत एक धडधड सुरू व्हायची. आज ती नव्हती, आणि नाही हे लक्षात आल्यावर तिला रडूच आलं. पदराने डोळे पुसून ती मासे चिरायला बसली.

बाबुलाल तळ्यावरून आला. टोपली ठेवून त्याने दारातून आत डोकावलं.

"बसला का?"

"बसला."

"चाला, बरं झालं." त्याने वळचणीतला बांबू काढला. "जरा धुऱ्यावर जाऊन येतो. हाक देजो."

शेळी-कोंबड्या तारेपासून आत घेतल्या की कुंताने घराकडून हाक द्यायची, आणि ती ऐकू आली की त्याने धुऱ्याच्या टोकाला आकडा टाकायचा, असा रिवाज होता. तिने हात धुतले. कोंबड्या झाकल्या. शेळी नेहमीसारखी तारेच्या कोपऱ्यावर चरत होती. कुंताने दावं धरून तिला ओढलं. शेळी अडून बसली. तिला ढकलायला कुंता वाकली, आणि आपण मारलेली गाठ तिच्या नाकासमोर आली. लाल वायर गाठीपासून खिडकीत गेली होती. खिडकीच्या आत मिथुनची पाठ दिसत होती.

तिच्या हातातलं दावं सुटलं.

"अवो," ती ओरडली. "अवो, थांबा."

बाबुलाल पार टोकाला, खांबाखाली पोचला होता. तिथपर्यंत शब्द जात नाहीत, नुसता आवाज जातो. त्याने रोजच्यासारखा हात वर केला आणि आकडा टाकला. खांबावर एक निळी ठिणगी उडाली.

आत गाडी सुसाट पळत होती. तिचा आवाज एकाच जागी अडकला. टर्र टर्र टर्र.

"मिथुन, हात नोको लावू," ती म्हणाली, पण त्या आवाजापुढे तिचंच तिला ऐकू आलं नाही. दुपारपासून ज्याने तिचं डोकं उठवलं होतं, तो आवाज आता असाच चालू राहावा, रात्रभर चालू राहावा, म्हणून तिने गावातल्या सगळ्या देवांना हाका घातल्या. जोवर तो वाजतोय तोवर पोराचा हात डब्याला लागलेला नाही. गाठ सोडता येणार नव्हती. सरपणाच्या ढिगात कुऱ्हाड रुतलेली होती. ती तिने उपसली, लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीच्या चौकटीवर, जिथून वायर बाहेर येत होती तिथे, जीव खाऊन घाव घातला.

वायर तुटली. आवाजही थांबला.

यातलं आधी काय झालं, तिला कळलं नाही.

धुऱ्यावरून बाबुलाल विचारत होता, काय झालं वो, काय झालं. शेळी तुटक्या वायरीपासून लांब पळाली होती. कुऱ्हाड चौकटीत अडकून राहिली होती. खिडकी हाताच्या अंतरावर होती, नुसतं वाकून पाहायचं होतं, पण कुंताला वाकता येईना.

"मिथुन," तिने हाक मारली. लहानपणी झोपेतून उठवायची तशी, हळूच.

आत मशीन एकदा पिक् करून वाजली आणि पुन्हा सुरू झाली. म्हणजे बटण दाबलं गेलं होतं. पडद्याचा उजेड खिडकीतून धानावर पडला. आता तो काहीतरी म्हणेल म्हणून कुंता भिंतीला हात टेकून ऐकत उभी राहिली.