रंगाखालची पायरी

मित्रांनो, जवळ या, पण माझ्यावर पाय ठेवायच्या आधी माझं ऐकून घ्या. मी एक जुनी शिडी आहे. अस्सल सागवानाची. हल्लीच्या त्या पत्र्याच्या, खुळखुळ वाजणाऱ्या शिड्यांत मला मोजू नका. वर्ध्याच्या कापूस बाजारामागे चित्रांचं एक दालन आहे, तिथे मी भिंतीला टेकून उभी असते. शाळेत मी गेले नाही. टेकल्या जागेवरून जेवढं दिसलं तेवढंच मला कळतं, पण ते पक्कं कळतं. आणि माझा स्वभाव काळजीचा आहे. कोणी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माझा जीव खालीवर होतो. तो का होतो, तेच सांगते.

माझा जन्म नाचणगावचा. तिथल्या बापूजी सुतारांनी मला घडवलं. लाकूड आष्टीकडचं. बापूजींनी दोन सरळ दांडे निवडले, गाठीचं लाकूड बाजूला टाकलं आणि एकेक पायरी खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकली. लोखंडी खिळा त्यांनी मला लागू दिला नाही. न्यायला माणसं आली तेव्हा म्हणाले, "पोरगी देऊन राह्यलो समजा. दरसाल जवसाचं तेल पाजजा. उन्हात नोका ठेवजा. अन् रंग तं मुळीच नोका लावजा. इचं लाकूड डोयाले दिसलं पाह्यजे."

माणसांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं!

ते साल एकोणीसशे ब्याण्णव. न्यायला आलेले तिघं होते. रूपराव पेंटर, दुकानांच्या आणि गाड्यांच्या पाट्या रंगवणारे, हाडकुळे, शिडीवर खारीसारखे चढणारे. वासुदेवराव, चित्रकलेचे मास्तर, इस्त्रीचा सदरा आणि इस्त्रीचीच भाषा. आणि वच्छलाबाई, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून चित्रं शिवणाऱ्या. या तिघांनी आणखी माणसं जमवली आणि कापसाचं एक बंद पडलेलं गोदाम सहकारी चित्रदालनासाठी घेतलं. दालन कोणा एकाचं नाही, सगळ्या चित्रकारांचं. एकवीस सभासद, एकवीस मालक. आता तुम्हीच सांगा, जिथे एकवीस मालक तिथे झाडू कोणी मारायचा? पहिलं वर्ष त्याच भांडणात गेलं. शेवटी पाळ्या ठरल्या. दार उघडायची पाळी, माठ भरायची पाळी, पाहुण्यांना चित्रं समजावून सांगायची पाळी.

गोदामाच्या भिंती उंच, कापसाच्या गाठी रचायला बांधलेल्या. चित्रांच्या दोन ओळी लागायच्या, एक खाली आणि एक वर. वरच्या ओळीसाठी मी. मी नसते तर अर्धं दालन रिकामं राहिलं असतं. हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

कोणाचं चित्र कुठे लागेल, हे चिठ्ठी टाकून ठरे. आणि एक नियम असा, की स्वतःचं चित्र स्वतः लावायचं नाही. चढायचं दुसऱ्यानं, त्याचीही चिठ्ठी निघे. ज्याचं चित्र असेल त्यानं खाली उभं राहून मला धरायचं. म्हणजे तुझं चित्र माझ्या हातात, आणि माझा जीव तुझ्या हातात. हा नियम वच्छलाबाईंचा. "एकमेकाईचे चित्रं कोनी पायाखाली तरी नाई घेनार," असं त्या म्हणाल्या होत्या.

पहिली वर्षं माझी सुखाची गेली. रूपराव दरसाल न चुकता जवसाचं तेल चोळत. पुढे वर्षाआड झालं. मग कोणी म्हणालं तेल संपलं, कोणी म्हणालं पाळी माझी नव्हती. एका उन्हाळ्यात भिंतींना चुना द्यायचा होता. तेव्हा मला दोन पिंपांवर आडवी ठेवली आणि माझ्यावर तिघं उभे राहिले. शिडी उभी राहायला असते, आडवी झोपायला नसते. मधल्या पायरीतून बारीक कट्‌ असा आवाज आला. मला कळ आली. पायरीवर केसाएवढी एक रेघ उमटली होती. नीट पाहिली असती तर दिसली असती. पण सगळ्यांचं लक्ष चुन्याकडे.

त्या दिवसापासून माझी झोप गेली.

मी माझ्या परीने सांगायचे. कोणी चढलं की करकरायचे. तर ही माणसं हसायची. "पाह्य, म्हातारी कुरकुर करून राह्यली!" माझा स्वभावच कुरकुरीचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्याच्या तोंडाची सवय झाली, त्याचं दुखणंही लोकांना सवयीचंच वाटतं.

मग दालनाला दहा वर्षं झाली. मोठा कार्यक्रम करायचं ठरलं. सभा भरली. सभेत माठावरून भांडण झालं, पंख्यावरून झालं, हार कोणाला घालायचे यावरून झालं. मग रूपराव उठले आणि प्रेमाने म्हणाले, "आपल्या शिडीले सजवू. एकेकानं एकेक पायरी रंगवा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांत एकमताने मंजूर झालेला तो एकच ठराव, आणि तो माझ्या जिवावरचा! बापूजींचे शब्द कोणाला आठवले नाहीत. बापूजी तोवर वारले होते.

रंगाआधीची तयारी रूपरावांनी स्वतः केली. पेंटरचा हात तो. पॉलिश पेपरने मला घासलं. मधल्या पायरीवर त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, सुटले! यांना रेघ सापडली. रेघ सापडलीच होती. पण पेंटरला फट दिसली की तो काय करतो? भरतो. रूपरावांनी लांबी मळली. लांबी म्हणजे भेगा बुजवायचा तो पांढरा लगदा. बोटाने दाबून दाबून ती माझ्या जखमेत भरली, वर हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, "आता कशी गुळगुळीत झाली!" ती पायरी वासुदेवराव मास्तरांच्या वाट्याला आली. त्यांनी तिच्यावर पिवळ्या रंगात बैलांची रांग काढली. वच्छलाबाईंनी तिच्या खालच्या पायरीवर पोपट काढले.

आणि मग माझं कौतुक सुरू झालं. आलेला पाहुणा चित्रं सोडून आधी मला पाही. माझ्याजवळ उभं राहून लोक फोटो काढत. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. पण आत ती रेघ हळूहळू वाढत होती, आणि आता तर ती कोणालाच दिसणार नव्हती. रोज दार उघडलं की मी मनात मोजायचे, आज कोण चढणार? जाड आहे की हलकं? हातात काय आहे? सगळ्यात जास्त धास्ती रूपरावांची, कारण चिठ्ठी कोणाचीही निघो, लोक शेवटी त्यांनाच वर पाठवत. हात मोडला तर पेंटरचं सगळंच मोडलं.

पुढल्या सालच्या प्रदर्शनाला नागपूरचे पाहुणे येणार होते. वासुदेवराव मास्तरांनी मोठं चित्र केलं होतं, आष्टीचा आठवडी बाजार, काचेच्या फ्रेममध्ये. चिठ्ठीत त्याला जागा मिळाली विजेच्या मीटरच्या वर, कोपऱ्यात. भिंतीचा मध्य रूपरावांच्या चित्राला मिळाला.

मास्तर म्हणाले, "एवढं मोठं चित्र मीटरवर कोणी लावतं का? ते मधोमध घ्या."

"मास्तर, मांगच्या साली माहं चित्र संडासाच्या दाराजवळ व्हतं," रूपराव म्हणाले. "तवा तुमीच म्हनलं, चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी."

"तुमच्या पाट्यांचं काय, त्या कुठेही चालतात."

रूपरावांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "गाडी कोठं जाते थे लोकायले माह्या पाट्यायनं समजते, मास्तर. तुमचं चित्र पाहून कोनी आष्टीले पोचला काय?"

"झालं?" वच्छलाबाई मध्ये पडल्या. "आता एकमेकाचे नाकं कापा अन् थेच फ्रेममंदी लावा. पाहुने खूश होतीन."

मग चढणाऱ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मास्तरांचं चित्र लावायला नाव आलं रूपरावांचं! सगळे हसले, दोघं सोडून. वच्छलाबाई म्हणाल्या, "मी धरते शिडी, मास्तर. तुमी बसा." पण मास्तर ताठ. "नियम तो नियम," म्हणाले.

मला मीटरजवळ उभी केली. मास्तर आले आणि मला दोन बोटांनी धरलं, जशी काही मी ओली होते. तोंड दुसरीकडे. रूपराव एका हातात जड फ्रेम घेऊन चढू लागले. पहिली पायरी. मग वर पोपटांची पायरी. मी करकरले. माझ्याजवळ होता नव्हता तेवढा आवाज काढला. रूपराव पुटपुटले, "हो बाई, आयकलं." पण ऐकलं कुठे? त्यांचा पाय बैलांवर आला. मी तो भार दोन्ही दांड्यांकडे ढकलायला पाहिलं. लाकडाच्या हातात किती असतं?

पायरी मधोमध मोडली.

रूपराव एका हाताने दांड्याला लोंबकळले, दुसऱ्या हातात फ्रेम. मी भिंतीवरून सरकू लागले. आणि त्याच क्षणी मास्तरांची ती दोन बोटं गेली, अख्खी छाती माझ्यावर येऊन आदळली. इस्त्रीच्या सदऱ्यासकट त्यांनी मला आणि रूपरावांच्या पायांना मिठी मारली.

"चित्र सोडा, रूपराव! दांडा धरा!"

"मास्तर, काच फुटन नं..."

"फुटू दे! सोड बे थे!"

दालनात कोणी मास्तरांच्या तोंडून 'बे' कधी ऐकलं नव्हतं. रूपरावांनीही घाबरूनच फ्रेम सोडली असावी. आष्टीचा बाजार खाली पडला, काचेचे तुकडे तुकडे झाले. रूपराव मास्तरांच्या खांद्यावर पाय टेकून उतरले. पांढऱ्या सदऱ्यावर दोन पावलं उमटली. दोघं जमिनीवर बसले, मास्तरांनी रूपरावांचा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. "हे दुखते? हे?" एकही मोडलं नव्हतं.

रूपरावांनी मोडकी पायरी उचलली. चिरेत लांबी पांढरी दिसत होती. ते रडायच्या बेताला आले. "हे मीच भरली, मास्तर. बोटानं दाबून भरली. सुतारानं सांगतलं व्हतं, रंग नोका लावजा."

"अन् बैल म्या काढले तिच्यावर," मास्तर म्हणाले. "ठरावावर सह्या सगळ्यायच्या हायेत."

मग रूपरावांनी फ्रेमच्या काचेचा एक मोठा तुकडा उचलला आणि माझ्या दांड्यावर ओढला. रंगाची साल निघाली. खाली सागवान दिसलं. मास्तरांनीही एक तुकडा घेतला. वच्छलाबाईंनी पदराने बोटं गुंडाळली आणि स्वतःचे पोपट स्वतः खरवडले. संध्याकाळपर्यंत सगळे मालक माझ्याभोवती बसून होते. रंगाखाली आणखी दोन पायऱ्यांवर रेघा निघाल्या.

आष्टीचा बाजार त्या वर्षी बिनकाचेचा लागला, मीटरच्या पेटीशेजारी, जमिनीवरून हात पुरेल एवढ्या उंचीवर. नागपूरचे पाहुणे आले, पाहून गेले. एक मोडकी आणि दोन चिरलेल्या, अशा तिन्ही पायऱ्यांच्या जागी नाचणगावहून बाभळीच्या पायऱ्या आल्या. सागवानाच्या घरात बाभळीच्या सुना! पहिल्यांदा मी नाक मुरडलं. पण सुना टणक निघाल्या, मी मान्य करते.

आता माझे फोटो कोणी काढत नाही. वर्षातून एकदा तेल मिळतं. आणि नवा नियम झाला. चढायच्या आधी प्रत्येक पायरी बोटाच्या पेराने वाजवायची आणि कान द्यायचा. चांगलं लाकूड टणत्कार देतं, दुखरं लाकूड बद्द वाजतं.

परवाचीच गोष्ट. चित्र मास्तरांचं, चढणार रूपराव. मास्तरांनी मला दोन्ही हातांनी धरलं. रूपरावांनी वाजवायला सुरुवात केली. ठक. ठक. चौथी पायरी माझ्या जुन्या पायऱ्यांपैकी, गेल्या उन्हाळ्यापासून आतून पोखरली जात होती. पुन्हा तेच होणार का?

रूपराव थांबले. परत वाजवलं. कान लावला. आणि उचललेला पाय खाली घेतला.

"आज नाई चढत, मास्तर," ते म्हणाले. "म्हातारी नाई म्हनून राह्यली."

मित्रांनो, मोडल्याशिवाय माझं म्हणणं कोणी ऐकलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. तुमच्या घरात, शाळेत एखादी जुनी वस्तू करकरत असेल. तिच्यावर रंग चढवायची घाई करू नका. आधी तिला बोटाने वाजवून पाहा, आणि ती काय म्हणते ते ऐकेपर्यंत पाय जमिनीवर ठेवा.