हळदीकुंकवाने बुजलेला स्टेथोस्कोप

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो, आणि मला राग आलाय. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू गोड बोलतात म्हणे. मला ते जमणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रायपूरच्या एका दुकानातून मला, पुढे माझा मालक झालेल्या शालिग्रामच्या वडिलांनी घेतलं. ते वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. पोरगा डॉक्टर झाला त्या दिवशी त्यांनी मला त्याच्या गळ्यात घातलं आणि भर रस्त्यात रडले.

डॉक्टर शालिग्रामांनी दवाखाना टाकला रायपूरच्याच भनपुरी भागात. आजूबाजूला कारखाने आणि ट्रकांची वर्दळ, त्यामुळे हवेत सदा धूळ. माणसं खोकत यायची. हिवाळ्यात डॉक्टर मला आधी तळहातावर घासून गरम करायचे, मगच पेशंटच्या पाठीवर ठेवायचे. ठेवलं की डाव्या हाताचं बोट वर करायचे. बोट वर गेलं की कंपाउंडर लहानू गोळ्या कुटायचा थांबायचा, बाकावरची बाई लेकराला गप्प करायची. अहो, काय ऐकायचे ते! एका श्वासावरून सांगायचे, छातीत पाणी झालंय, आजच मोठ्या दवाखान्यात जा. आणि माणूस वाचायचा. लोक म्हणायचे, या डॉक्टराच्या कानात देव आहे. मी मनात म्हणायचो, देव कशाला, मी आहे ना.

आपल्या घरांत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तशी माझीही व्हायची. लहानू मला पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहायचा आणि दिवा लावायचा. पण दिवा शांत झाला रे झाला की स्पिरिटच्या बोळ्याने मला लख्ख पुसायचा आणि कानात घालायच्या बोंडांची भोकं टाचणीने मोकळी करायचा. पूजा झाली, आता कामाला लाग, असं मलाच सांगायचा.

इतकी माणसं ओळखतात म्हटल्यावर पक्षवाल्यांनी डॉक्टरांना घेरलंच. तिकीट मिळालं, आमदारकी मिळाली, पुढे मंत्रिपदही मिळालं. दवाखान्याला कुलूप लागलं. लहानू वर्षभर किल्ली घेऊन बंगल्यावर खेटे घालत राहिला, मग यायचा बंद झाला. मी मात्र पोस्टरवर झळकलो. मोठमोठ्या पोस्टरवर आता साहेब झालेले डॉक्टर हात जोडून, आणि गळ्यात मी! एरवी काचेच्या कपाटात. शिबिर असलं, फोटो काढायचे असले, की बाहेर.

गेल्या खंडेनवमीला बंगल्यावर कार्यकर्त्यांनी माझी पूजा केली. पन्नास जणांनी बोटं बुडवून माझ्यावर ओली हळद थापली. बोंडांची भोकं बुजली, हळद वाळून घट्ट बसली. कुणी पुसलं नाही. मी ठार बहिरा झालो, मित्रांनो, आणि साहेबांना ते कळलं नाही, कारण साहेबांनी मला कानात घालून जमाना झाला होता.

दिवाळीनंतर भनपुरीत आरोग्य शिबिर ठेवलं. प्रेमलाबाई सकाळपासून रांगेत होती. डॉक्टरांची वीस वर्षांपासूनची पेशंट, तिची छाती मी तोंडपाठ ओळखायचो. शिबिरातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून चिठ्ठी लिहून दिली होती, आजच भरती व्हा म्हणून. तेवढ्यात साहेब आले. बाजा वाजत होता, कॅमेरे धावले. साहेबांचा स्वीय सहायक भैय्यालाल याने प्रेमलाबाईला खुर्चीवर बसवलं आणि साहेबांनी मला कानात घालून तिच्या छातीवर टेकवलं, तेही लुगड्यावरून. बोट वर गेलं नाही. मी काही म्हणजे काही ऐकवू शकलो नाही. साहेबांच्या कपाळावर क्षणभर आठी पडली, म्हणजे त्यांना कळलं होतं. मग ते कॅमेऱ्याकडे बघून हसले.

प्रेमलाबाईने विचारलं, "डॉक्टरसाहेब, बराबर आयकू आलं ना? लय दम लागून राहिला मले."

"आलं ना. छाती साफ आहे. घरी जा, आराम करा."

ती घरी गेली. पाचव्या दिवशी वारली.

तेरवी झाल्यावर तिची मुलगी रूपाली बंगल्यावर आली. भैय्यालालने तिला अर्ज आणलाय का विचारलं. ती म्हणाली, अर्ज नाही, एकच गोष्ट विचारायची आहे. साहेबांसमोर ती आवाज न चढवता बोलली.

"आईनं भरतीची चिठ्ठी फाडली, साहेब. म्हणे डॉक्टरसाहेबानं सोता आयकलं, आता काहून जाऊ? तुम्हाले खरंच आयकू आलं होतं का?"

साहेबांनी कपाटातून मला काढलं, कानात घातलं आणि स्वतःच्या छातीवर धरलं. त्यांची स्वतःची धडधडही मी ऐकवू शकलो नाही. वाटलं, आता तरी खरं बोलतील. नुसतं नाही म्हणा हो, एवढंच!

"गर्दी होती," ते म्हणाले. "बाजा वाजून राहिला होता."

रूपाली उठली आणि निघून गेली. तिला चहा द्या, असं साहेब मागाहून म्हणाले. मला त्यांनी तसंच कपाटात ठेवलं.

मित्रांनो, काल शहरातल्याच पंडरी भागात शिबिर झालं. मी गळ्यात होतो. सात जणांच्या छातीवर मला टेकवलं आणि सातही जणांना साफ आहे म्हणून सांगितलं. माझी पूजा करू नका, मला पुसा, एवढं सांगून मी थांबणार होतो. पण मला कोण पुसणार? तेव्हा तुम्हीच ऐका. तुमच्या आईच्या हातात भरतीची चिठ्ठी असेल, तर कोणीही मोठा माणूस हसून काहीही सांगो, ती चिठ्ठी फाडू देऊ नका. तिला हाताला धरून रिक्षात बसवा आणि घेऊन जा.