दोन बिलांमधली मिनिटं

काउंटर तीन. दहा वाजून एकोणीस मिनिटं. तूरडाळ, खोबरेल तेल. बिल करणार : मोना.

तेलाच्या डब्यांच्या मांडणीखाली सापडलेला एक दात. झाडणाऱ्या विठाबाईंनी तो कागदात गुंडाळून ठेवला आहे. कुणाला द्यायचा, ते त्यांना कळलेलं नाही.

दुकानातल्या पोरींच्या कपाटात बिस्किटांचे एकोणतीस लहान पुडे. एकही फोडलेला नाही.

लोखंडी खाटेवर ओळीनं मांडलेल्या कागदाच्या पट्ट्या. उडू नयेत म्हणून पंखा बंद.

काउंटर तीन. दहा वाजून तेवीस मिनिटं. कपडे धुण्याचा साबण. बिल करणार : मोना.

शांभवीनं साबणाची वडी लाल उजेडावरून ओढली. यंत्र वाजलं. समोरच्या फेटेवाल्यानं बिल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"मोना म्हंजे तूच व्हय?"

"व्हय."

"झ्याक नाव हाय. पिक्चरमधल्यागत."

तो हसत दाराकडे गेला. शांभवीनं पुढची टोपली ओढली. सकाळपासून ती मोनाच्या खुर्चीवर, मोनाचा नंबर टाकून बसली होती. मॅनेजर पुण्याला गेले होते. म्हणून तर आजचा दिवस धरला होता.

राजारामपुरीतलं हे मोठं दुकान उघडून दोन वर्षं झाली होती. वस्तू आपण उचलायची, काउंटरवर आणायची. तिच्यावरच्या काळ्या उभ्या रेघा यंत्राला दाखवल्या की वस्तू, वेळ, बिल करणारीचं नाव, सगळं छापून बाहेर. दारावर हंबीरराव बिल बघायचे आणि भोक पाडून परत द्यायचे. लोक ते पायरीवरच टाकायचे. तिथं समोर, निंबाखाली, सम्राट उभा असायचा.

"पावणं, टाकू नगा. द्या की इकडं."

सम्राट म्हणजे मोनाचा नवरा. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत तो ओतीव मालातल्या भेगा शोधायच्या कामाला होता. मारामारीपायी तिथून काढला, तेव्हा शोधायची सवय तेवढी घरी घेऊन आला. गोळा केलेली बिलं तो खाटेवर वेळेप्रमाणे मांडायचा. दोन बिलांमध्ये सात मिनिटांपेक्षा जास्त गेली असली की बोट ठेवायचा.

"तीन एकतीस. फुडं तीन चव्वेचाळीस. मधी कुठं गेलतीस?"

"मशीनचा रोल संपलता."

"रोल बदलाय तेरा मिन्टं? कुणासंगं बदलत हुतीस?"

मग तो कमरेचा पट्टा काढायचा. मिनिटाला एक. मोनानं हे तोंडानं सांगितलं नव्हतं. दुकानाच्या न्हाणीघरात तिनं ब्लाउज वर केला आणि शांभवीनं बघितलं. तेरा वळ होते.

त्या दिवसापासून काउंटरवरच्या पोरींनी फटी बुजवायला घेतल्या. मोनासमोर गिऱ्हाईक नसलं की कुणीतरी बिस्किटाचा लहान पुडा आणून ठेवायची, स्वतःचे पैसे टाकायची. यंत्र वाजायचं. ते बिल विठाबाई झाडूनं लोटत लोटत पार पायरीखाली न्यायच्या.

"घे भाड्या, वेच," असं पुटपुटून परत यायच्या.

जूनमध्ये सम्राट एकदा आतच घुसला. मांडणीवरचा तुपाचा डबा उचलून त्यानं मोनाच्या तोंडावर हाणला. तिचा एक दात पडला. हंबीरराव जुने पैलवान; त्यांनी कमरेत मिठी घालून त्याला रस्त्यावर नेऊन टाकलं. चौकीत नवरा-बायकोचं भांडण असं लिहून घेतलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. मॅनेजर म्हणाले, पुन्हा असं झालं तर मोनानंच घरी बसावं. तेव्हापासून सम्राटला दुकानाचं दार बंद होतं. काचांवर सवलतींचे कागद चिकटवलेले, त्यामुळं बाहेरून आतलं माणूस दिसत नसे. दिसायची ती बिलं.

आज सकाळी सम्राटनंच मोनाला गाडीवरून दारात सोडलं. ती पुढून आत आली आणि माल उतरवायच्या दारानं मागून बाहेर पडली.

"पाच वाजूपतोर," ती शांभवीला म्हणाली. "पाचपतोर माझं नाव छापत ऱ्हा, तवर मी लांब पोचती. मग काय बी हुंदे."

काउंटर तीन. एक वाजून सहा मिनिटं. काउंटर तीन. एक वाजून दहा मिनिटं. बिस्किट. एक वाजून चौदा. बिस्किट. एक वाजून अठरा.

शांभवी जेवायला उठली नाही. पलीकडच्या काउंटरवरच्या बाळाबाईनं भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.

"चाव तरी. यंत्र काय पळून जात न्हाय."

"यंत्र न्हाय गं."

चार वाजून चोवीस मिनिटांनी दाराशी काहीतरी धाडकन वाजलं. शटर ओढायची लोखंडी सळी सम्राटच्या हातात होती आणि हंबीरराव गुडघा धरून खाली बसले होते. सम्राटनं दुसरा घाव त्यांच्या खांद्यावर घातला. मग तो सरळ काउंटर तीनकडे चालत आला आणि मूठभर बिलं त्यानं शांभवीच्या तोंडावर फेकली.

"एक फट न्हाय. सकाळपासनं एक फट न्हाय. मुताय बी उठली न्हाय व्हय माझी बायकू?"

शांभवीनं मांडीवर पडलेल्या बिलांकडे बघितलं. एक चौदा, एक अठरा, एक बावीस. भीतीपायी तिनं मोनाला दिवसभर श्वाससुद्धा घेऊ दिला नव्हता.

"कुठं हाय ती?"

"मला म्हाईत न्हाय."

गल्ल्याचा खण उघडाच होता. सम्राटनं तिचा उजवा हात धरून त्यात घातला आणि खण गुडघ्यानं आत ढकलला. आवाज लहानसाच आला, लाकडी पेन्सिल मोडल्यासारखा. शांभवीच्या तोंडून "अव्वा" एवढंच निघालं. गडहिंग्लजला, घरी, ती आईला अशीच हाक मारायची.

टोपल्या घेतलेली माणसं टोपल्या घेऊन उभी होती. एका बाईनं आपल्या मुलीचे डोळे झाकले, स्वतःचे उघडे ठेवले.

"गाव सांग."

"म्हाईत न्हाय, दादा. खरंच."

खण उघडला. खण मिटला. समोरच्या पडद्यावर वेळ होती, चार एकतीस. शांभवी आकड्याकडे बघत होती. आकडा हलत नव्हता.

"सांगतीस का दुसरा हात घालू?"

तिसऱ्यांदा खण मिटला तेव्हा शांभवी सांगायला तयार होती. मोना, तिची पाठ, तिचा दात, सगळं त्या हातापुढं लांब गेलं. तिनं तोंड उघडलं. जीभ हलली. आत कुठल्याच गावाचं नाव नव्हतं.

विठाबाईंचा झाडू पहिल्यांदा सम्राटच्या कानशिलावर बसला, तोही मुठीकडून. तो वळला तेवढ्यात फरशीवरून सरपटत आलेल्या हंबीररावांनी त्याचे दोन्ही पाय घोट्यात आवळले. तो पडला. डोकं काउंटरच्या कडेला आपटलं. मग मात्र टोपल्या खाली ठेवल्या गेल्या. मघा नुसती बघणारी माणसं आता लाथा घालत होती, एकेक जण पुढं येऊन, रांग असल्यासारखी. सळी कुणाच्या तरी हाती लागली होती. बाळाबाई ओरडत होती, पुरे झालं, मरंल त्यो. कुणी ऐकत नव्हतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा सम्राटच्या तोंडाचा आकार ओळखू येत नव्हता. श्वास चालू होता.

"दवाखान्यात चल," बाळाबाई म्हणाली.

"थांब."

शांभवीनं सुजलेला हात पोटाशी धरला. डाव्या हातानं एक पुडा उचलला. रेघा नीट लागेनात. दोनदा फिरवावा लागला.

काउंटर तीन. पाच वाजून एक मिनिट. बिस्किट. बिल करणार : मोना.

सकाळी मागच्या दाराशी मोना गावाचं नाव सांगायला लागली, तेव्हा शांभवीनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता.