बब्बडची आई

त्या खेळगटात मोठ्या माणसांना नावंच नव्हती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रोज सकाळी सतरंजी अंथरली जायची, आणि गट चालवणाऱ्या बाई प्रत्येकीला तिच्या पोराच्या नावाने हाक मारायच्या. लक्षात ठेवायचं ते पोराचं नाव, आईचं कशाला, असा त्यांचा खाक्या. पहिल्या दिवशी थोरली आपल्या धाकट्या बहिणीच्या लेकीला कडेवर घेऊन जिना चढली, तेव्हा बाईंनी पोरीचं नाव विचारलं. थोरली म्हणाली, घरात सगळे बब्बडच म्हणतात.

"या, बब्बडची आई," बाई म्हणाल्या.

खरं तर तेव्हाच सांगून टाकायचं. मी मावशी, एवढंच तर होतं. पण तेवढ्यात बब्बडने पायातला बूट काढून भिरकावला, थोरली तो आणायला धावली, आणि बूट घेऊन परत येईपर्यंत ती आई होऊन बसली होती.

धाकटी इस्पितळात नर्स, सकाळपाळीची. थोरली चष्म्याच्या दुकानात दुपारनंतर जायची, म्हणून सकाळची बब्बड तिच्या वाट्याला आलेली. स्वतःच्या मुलाची वाट पाहून तिची कधीच झाली होती. डॉक्टर झाले, औषधं झाली, लोकांचं 'काही विशेष?' झालं. मग एक दिवस लोकांनी विचारायचंही सोडून दिलं, आणि ते तिला जास्त लागलं.

गटातल्या बायकांना मात्र तिला विचारण्यासारखं खूप होतं. दात कधी आले, रात्री झोपते का, अंगावरचं कधी सोडवलंत. एकीने एकदा बाईंच्या देखतच विचारलं, नॉर्मल की सिझर? "सिझर," थोरली म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात, फक्त पोट दुसरीचं होतं.

हळूहळू जीभ सरावली. शेवटचा खेळ तर तिच्या जिवाचा होता. सगळ्या पोरांना मधोमध बसवून वर मोठी चादर धरायची, बाईंनी टाळी वाजवायची, चादर उचलायची आणि प्रत्येक पोराने आपापल्या आईकडे पळायचं. बब्बड धडपडत यायची आणि थेट थोरलीच्या मांडीत आदळायची. त्या एका धडकेसाठी थोरलीला सकाळ कधी होते असं व्हायचं.

मग धाकटीची पाळी बदलली.

"उद्यापासून मीच नेईन गं तिला," धाकटी हरखून म्हणाली. "तू एक दिवस सोबत ये, ओळख करून द्यायला."

थोरली 'हो' म्हणाली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर सांगू, वाचनालयाच्या फाटकाशी सांगू, जिन्यात सांगू, असं करता करता दार आलं.

"आलात, बब्बडची आई?" बाई म्हणाल्या. "आणि या कोण?"

थोरलीने कडेवरच्या बब्बडला आणखी घट्ट धरलं. धाकटीने आधी बाईंकडे पाहिलं, मग बहिणीच्या चेहऱ्याकडे. पेशंटकडे बघावं तसं तिने तो नीट, निरखून पाहिला.

"मी मावशी," धाकटी म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.

त्या दिवशी चादर उचलली तेव्हा बब्बड बावरून उभी राहिली. एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी. थोरलीने हात पुढे केले नाहीत, पण मनातल्या मनात पोरीला जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं, हे कबूल करायलाच हवं. बब्बड "आई" म्हणत धाकटीच्या गळ्यात पडली. सगळ्याजणी हसल्या. मावशीलाच आई म्हणते गं ही, कुणीतरी म्हणालं. उगाच नाही म्हणत, माय मरो पण मावशी जगो. धाकटीने पोरीचं तोंड हलकेच आपल्या खांद्यात दाबलं, पुढची हाक कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मग उठून तिने बब्बडला थोरलीच्या मांडीत आणून ठेवलं.

खाली रस्त्यावर आल्यावर थोरलीने विचारलं, "का गं तसं म्हणालीस?"

"तुझं तोंड पाहिलं," धाकटी म्हणाली. "घरी आहेच की मी तिची आई. इथे मावशी म्हणून येत जाईन. मला काही फरक पडत नाही."

पडत होता. पोरीचं तोंड खांद्यात दाबताना धाकटीचे ओठ कसे आवळले होते, ते थोरलीने पाहिलं होतं. असलं आईपण तिला नको होतं. हवं होतं, फार हवं होतं, पण असलं नको होतं.

"बाटली राहिली वर," ती म्हणाली आणि परत जिना चढली.

वर बाई एकट्याच चादरीची घडी घालत होत्या. बब्बडची आई, बाटली खिडकीत आहे, त्या म्हणाल्या.

"मी मावशी आहे," थोरली म्हणाली. "तिची आई खाली उभी आहे."

बाईंचे हात थांबले. "अहो, पण सिझर झालं म्हणाला होतात..."

"तिचं. मी दाराबाहेर उभी होते."

बाईंनी चादरीचं दुसरं टोक थोरलीच्या हातात दिलं, आणि दोघींनी मिळून घडी घातली. बाटली घेऊन ती दारापर्यंत गेली तेव्हा बाईंनी विचारलं, उद्या याल ना?

"उद्या बब्बडची आई येईल," थोरली म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.