बाबाजीचं आवतण

खोटं बोललेला माणूस पकडला जातो, हे आपण शाळेत शिकतो. पण अर्धं खरं बोलून गप्प बसलेला माणूस कसा अडकतो, हे बघायचं तर खारी गावातल्या शिवदासकडे बघावं. बिचारा एक शब्द खोटा बोलला नव्हता हो!

शिवदासच्या बापजाद्यांनी मिठागरात पाय खरवडून घेतले, खाडीकाठी भात लावला. यानं केबिन रोडला नळांचं आणि टाइल्सचं दुकान टाकलं. बायको शांती, एकुलती एक लेक ऋतिका. ऋतिका बँकेत लागली आणि तिथल्याच परागशी तिचं जमलं. परागचे आईवडील, दशरथराव आणि मनोरमाबाई, दादरची खोली विकून इंद्रलोकच्या नव्या बिल्डिंगीत राहायला आलेले. दशरथराव सरकारी हापिसात. मुलगी त्यांना पसंत होती, पण 'गाववाले' म्हटलं की यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ज्या गावच्या शेतावर आपली बिल्डिंग उभी आहे, त्याच गावाला नाकं मुरडायची, आहे की नाही गंमत?

तर बोलणी करायला शिवदास ऋतिकाला घेऊन इंद्रलोकला गेला. पोहे झाले, चहा आला, आणि दशरथरावांनी घसा खाकरला.

"शिवदासशेठ, मुलीबद्दल प्रश्नच नाही. पण आमच्याकडे घराणं बघतात. तुमच्या घराण्यात कोणी, म्हणजे, नाव घेण्यासारखं?"

शिवदासने लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. आता 'नाही' म्हटलं तर सगळं मुसळ केरात. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आमचा खापरपणजा, बाबाजी, काळ्या पाण्यावर गेला होता."

दशरथरावांचा कप हवेतच थांबला. "अंदमानला? इंग्रजांनी पाठवलं?"

"इंग्रजांनीच."

"परत आले?"

"न्हाय... नाही आला."

"पण केलं काय होतं त्यांनी?"

"साहेबाच्या बंगल्यात शिरला होता. रात्रीचा."

"हल्ला!" दशरथराव ओरडले आणि त्यांनी उभं राहून हात जोडले.

शिवदासने मान खाली घातली आणि चहा संपवला. आता यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा.

साल सत्त्याण्णव. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, त्यात दशरथराव आधीच अंगात आल्यासारखे फिरत होते. त्यांनी बिल्डिंगभर सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, आणि कळस म्हणजे लग्नपत्रिकेत छापलं: 'क्रांतिवीर बाबाजी यांच्या वंशातील चि. सौ. कां. ऋतिका'. पत्रिका बघून शांतीने कपाळाला हात लावला.

"अवो, सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? क्रांतिवीरानं कोंबडा चोरला म्हणून?"

हो, कोंबडाच! मिठागरावरच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातल्या खुराड्यातला, चांगला तुऱ्याचा. बाबाजीचा हात तसा आधीपासूनच हलका. एकदा तांब्या, एकदा वाळत घातलेलं धोतर. कोंबडा ही तिसरी खेप. त्या काळी सरकारला सवयीचे चोर नकोच असायचे, आणि तिकडे बेटावर जंगल तोडायला माणसं हवी असायची. ठाण्याच्या कोर्टात साहेब स्वतः उभा राहिला नि बाबाजी बोटीत बसला. एवढासा गुन्हा आणि केवढा समुद्र!

हे सगळ्या खारीला माहीत होतं, पण गाव काही इंद्रलोकला सांगायला जाणार नव्हतं. शिवदासची झोप उडवली होती ती गोदूबाईने. गोदूबाई नात्याने त्याची आत्या आणि गावातली धवलारीण. खारीच्या जुन्या घरांत लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्याने, भटजी नंतर. ती मांडवात बसते आणि घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन आवतण देते. कोण कसा होता, काय करून गेला, सगळं गाण्यात. जसा होता तसाच बोलवायचा, नाहीतर त्याला कळायचं कसं की आपल्यालाच बोलावतायत? आणि बाबाजीचं कडवं तर सगळ्यांत खणखणीत.

शिवदास गोदूबाईच्या ओट्यावर जाऊन बसला.

"आत्ये, बाबाजीचं कडवं जरा बदलशील? कोंबड्याच्या जागी बंदूक घाल."

"बंदूक? त्यानं बंदूक कवा बगली?"

"मग कडवंच गाळ. पोरीचं लग्न मोडेल गं."

"मेल्या, जित्या मानसाला इसरलं तर भांडाया येतं. मेलेल्यानं कंच्या दाराशी जावं?" तिने पानाचा विडा तोंडात कोंबला. "त्याला ना लाकूड भेटलं, ना पानी. वर्सानुवर्सं कुनाच्या तरी लग्नान बोलावतू म्हून येतो. मी न्हाय गालनार."

शिवदास तिथून उठला तो थेट बँजो पार्टीकडे गेला. मास्तरला बजावलं, "मी हात वर केला रे केला की वाजवायला लागायचं. असं वाजवा की मांडवात कानाशी ओरडलेलं ऐकू येऊ नये."

लग्नाचा दिवस उजाडला. दारात मांडव, इंद्रलोकची मंडळी खुर्च्यांवर रुमालाने वारा घेतायत, गाववाले सतरंजीवर. दशरथराव झेंडूचा जाडजूड हार घेऊन आले होते, क्रांतिवीरांच्या फोटोला घालायला. फोटो नाही म्हटल्यावर तो त्यांनी मांडवाच्या खांबालाच घातला आणि खांबाला नमस्कार केला. शिवदासला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

गोदूबाईने गळा साफ केला. एकेकाला आवतण सुरू झालं. शिवदासचा बाप आला, ताडी पिऊन बैलाशी बोलणारा. आजी आली, सासूला न जुमानणारी. आजा आला, पणजा आला. हात वर करायला तो तयारच होता.

आणि गोदूबाईने एकदा ऋतिकाकडे पाहिलं. मुंडावळ्यांच्या आड पोर आनंदाने नुसती फुलली होती. म्हातारी बाबाजीला ओलांडून सरळ त्याच्या भावावर गेली.

गाळलं! आत्येनं गाळलं! शिवदासचा जीव भांड्यात पडला. सुटलो बाबा, असं तो मनात म्हणाला.

पण सतरंजीवरचे गाववाले एकमेकांकडे बघायला लागले होते. गोदूबाईचा आवाज बसला होता. आजवर खारीच्या कुठल्याही मांडवातून त्या माणसाला कुणी हाकललं नव्हतं. साहेबाने एकदा घराबाहेर काढला तो काढला. आता त्याच्या स्वतःच्या घरच्या लग्नात, त्याच्याच रक्ताच्या माणसाने त्याला दाराबाहेर उभा केला. कशासाठी, तर इंद्रलोकवाल्यांना बरं दिसावं म्हणून. शिवदासला स्वतःची एवढी लाज वाटली की कोंबड्याची कधी वाटली नव्हती.

"थांब आत्ये!" म्हणत त्याने हात वर केला.

झालं! हात वर गेला आणि बँजो पार्टी सुटली. ढोल, ताशा, बँजो, सगळं एकदम. शिवदास 'बंद करा' म्हणून दोन्ही हात हलवतोय, तसा मास्तर आणखी जोरात वाजवतोय. शेवटी शिवदासने डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून, त्या गोंगाटावर आवाज चढवून, स्वतःच गायला लागला:

"ये रं बाबाजी, पान्यापल्याडच्या बाबाजी..."

शांतीने धावत जाऊन ताशावाल्याचा हात धरला. वाजप खाडकन थांबलं आणि शांत मांडवात शिवदासचा फाटका आवाज तेवढा घुमला:

"कोंबरा चोरलास तू साहेबाचा!
हातापायान बेऱ्या परल्या, बोटीन बसविला,
नातीचं लगीन हाय, मांडवान ये!"

मग खुर्च्यांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं.

दशरथराव उठून उभे राहिले. चेहरा लालबुंद. "कोंबडा? शिवदासशेठ, मी पत्रिकेत छापलंय! पराग, चल ऊठ!"

परागने ऋतिकाचा हात घट्ट धरला आणि तो जागचा हलला नाही. उठल्या त्या मनोरमाबाई.

"अहो, बसा खाली."

"अगं, चोराचं घराणं..."

"आपल्या घरातले टॉवेल कुठून आले? साबण? बाल्कनीतला तो टेबलफॅन? पाठीमागे तुमच्या हापिसाचा शिक्का आहे, मी रोज पुसते." मनोरमाबाईंनी आवाज अजिबात कमी केला नाही. "त्या साहेबाच्या राज्यात असता, तर त्याच बोटीत बाबाजींच्या मांडीला मांडी लावून बसला असता. बसा म्हणते ना!"

आता अख्खा मांडव हसला, खुर्च्या आणि सतरंजी दोन्ही. दशरथरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बसले. बराच वेळ धोतराच्या निऱ्या नीट करत राहिले. मग वाकून गोदूबाईला हळूच विचारलं, "पण एका कोंबड्यासाठी एवढं? अख्खा एकट्यानेच खाल्ला का हो त्यांनी?"

गोदूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. या माणसाला खरंच ऐकायचंय, हे तिला पटलं असावं.

"एकल्यानं कसा खाईल? पावसाल्याचं दिस, गावान कुनाची चूल पेटत नव्हती. पोरं रडत व्हती. त्यानं कोंबरा आनला, मोठ्या टोपान शिजविला. पानी घालीत गेलं नि घराघरान वाटी-वाटी रस्सा गेला. दुसरे दिशी शिपाय आलं. इचारलं, चोर कोन?"

शिवदासला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. लाजेपायी त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"खाल्ला सगल्या गावानं," गोदूबाई म्हणाली. "गेला त्यो एकला."